बंदी घातलेले विष आणि ‘इतर’ नावाचा रकाना

आपल्या देशात बंदी घातलेली कीटकनाशके परदेशी पाठवू द्यावीत की नाही, यावरून पुण्यातल्या शेतीच्या आणि रसायन उद्योगाच्या वर्तुळांत वाद पेटलेला असतो. वाद महत्त्वाचा आहे, पण तो चुकीच्या टोकाकडून सुरू होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. एक बाजू म्हणते, जे औषध आपल्या शेतमजुराच्या जिवावर उठते ते दुसऱ्या गरीब देशातल्या मजुराच्या हाती देणे ही उघड अनीती आहे. दुसरी बाजू म्हणते, घेणाऱ्या देशाने परवाना दिला असेल तर आपण अडवणारे कोण, आणि आपण विकले नाही तर चीन विकणारच आहे. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण गेल्या वर्षी न्हावा शेवा बंदरातून नेमके कोणते बंदी असलेले कीटकनाशक, किती टन, कोणत्या देशात गेले, एवढे विचारले की दोघेही गप्प होतात. हे उत्तर त्यांनी दडवलेले नाही. देशाच्या व्यापाराच्या आकडेवारीतून ते निघतच नाही, कारण सीमाशुल्काच्या वर्गीकरणात यांतल्या बहुतेक रसायनांना स्वतःची ओळ नाही आणि ती ‘इतर’ नावाच्या रकान्यातून देशाबाहेर पडतात. म्हणून माझी भूमिका अशी आहे की बंदी किंवा कडक निर्बंध असलेल्या प्रत्येक कीटकनाशकाला आयात आणि निर्यात अशा दोन्ही दस्तऐवजांत स्वतःचा कोड आणि स्वतःचे रासायनिक ओळखपत्र मिळाले पाहिजे. ते मिळेपर्यंत बंदी हा राजपत्रातला मजकूर राहील आणि निर्यातीवरचा वाद अंदाजांवरच चालेल.

हे वर्गीकरण कसे चालते, ते थोडे सविस्तर सांगावे लागेल. जगातला जवळजवळ सगळा व्यापार एका समान पद्धतीने ओळखला जातो. तिला ‘एचएस’ (हार्मोनाइज्ड सिस्टीम) म्हणतात, ब्रुसेल्समधील जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते आणि ती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आहे. प्रत्येक वस्तूला सहा आकड्यांचा कोड असतो आणि पुढचे आकडे ज्या त्या देशाने आपल्या गरजेप्रमाणे जोडायचे असतात; भारत आठ आकडे वापरतो. कीटकनाशके या पद्धतीत दोन घरांत विभागली जातात. कारखान्यातून निघालेले शुद्ध रसायन, ज्याला धंद्यात ‘टेक्निकल’ म्हणतात, ते सर्वसाधारणपणे सेंद्रिय रसायनांच्या २९व्या प्रकरणात जाते. त्यात द्रावक आणि इतर घटक मिसळून फवारणीजोगे केलेले ‘फॉर्म्युलेशन’ ३८व्या प्रकरणातील ३८०८ या शीर्षकाखाली जाते. ३८०८ मध्ये पुढची वाटणी मुख्यतः कामावरून होते: कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक, जंतुनाशक. डब्यातला द्रव काय मारतो हे कोड सांगतो. तो द्रव कोणता आहे, हे बहुतेक वेळा सांगत नाही. मात्र या प्रकरणाच्या टिपेत काही कुप्रसिद्ध रसायनांची नावानिशी यादी दिली आहे. आल्ड्रिन, डीडीटी, एन्डोसल्फान, मोनोक्रोटोफॉस, पॅराथिऑन यांपैकी एक किंवा अधिक ज्या मालात असेल तो वेगळ्या उपशीर्षकात टाकावा, असा नियम आहे. त्यातही डीडीटीच्या ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला स्वतःचा वेगळा कोड आहे. म्हणजे ही पद्धत मनात आणले तर तीनशे ग्रॅमच्या पुडीपर्यंत बारकाईने पाहू शकते. प्रश्न एवढाच की ती यादी आंतरराष्ट्रीय करारांच्या यादीमागून चालते आणि भारताने स्वतः घातलेली बंदी त्या यादीत आपोआप उमटत नाही.

आता नारायणगावच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रातली अर्ध्या लिटरची बाटली हातात घेऊन पाहा. कीटकनाशक नियमांप्रमाणे तिच्यावर टोकावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर औषध अत्यंत विषारी, पिवळा असेल तर त्याहून कमी, मग निळा आणि शेवटी हिरवा. सक्रिय घटकाचे नाव, त्याचे प्रमाण, विषबाधा झाल्यास उतारा काय, हे सारे त्या वीतभर कागदावर छापावेच लागते. न छापणाऱ्यावर खटला होऊ शकतो. आणि त्याच घटकाने भरलेले दोनशे लिटरचे ऐंशी ड्रम कंटेनरमध्ये चढतात, तेव्हा त्यांच्या शिपिंग बिलावर, म्हणजे सीमाशुल्काकडे दिल्या जाणाऱ्या निर्यातीच्या घोषणापत्रावर, कायद्याला पुरेल असा कोड म्हणून ‘कीटकनाशके, इतर’ हे दोन शब्द चालतात. वर्णनाच्या रकान्यात निर्यातदार रसायनाचे नाव लिहितो, कधी ब्रँडचे लिहितो, कधी दोन्ही, हे मला मान्य आहे. पण देशाची आकडेवारी कोडांची बेरीज करते, मजकुराची नाही. जोखीम ठरवून कोणता कंटेनर उघडायचा हे सांगणाऱ्या संगणकालाही मोकळ्या मजकुरापेक्षा कोडाचाच भरवसा अधिक. शेतकऱ्याच्या बाटलीकडून आपण जेवढी माहिती मागतो तेवढी एका अख्ख्या कंटेनरकडून मागत नाही, हे कोणत्या तर्कात बसते?

यावर सर्वांत वजनदार आक्षेप सीमाशुल्काच्या जाणकारांकडून येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, एचएस ही पद्धत शुल्क आकारण्यासाठी आणि व्यापाराची मोजदाद करण्यासाठी बनवलेली आहे, विषाचा बंदोबस्त करण्यासाठी नव्हे. धोक्याचे वर्गीकरण करायला वाहतुकीचे संयुक्त राष्ट्र क्रमांक आहेत आणि विषारी पदार्थांचा सहा पूर्णांक एक हा वर्गही आहे. कीटकनाशकांचा परवाना द्यायला फरीदाबादचे केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती आहे. प्रत्येक खात्याचे ओझे सीमाशुल्काच्या कोडावर टाकत गेलो तर कोड कोसळतील. या म्हणण्याचा पहिला भाग इतिहास म्हणून खरा आहे. पण १९८८ नंतर ही पद्धत तशी राहिलेली नाही. २०१७ च्या आवृत्तीत मलेरियाविरुद्ध वापरल्या जाणाऱ्या ठरावीक कीटकनाशकांसाठी पाकिटांच्या वजनांनुसार वेगळे कोड आले, ते शुल्कासाठी नव्हे, तर सार्वजनिक आरोग्यासाठी. हेरॉइन बनवायला लागणाऱ्या अॅसिटिक अनहायड्राइडला स्वतःचा कोड आहे. ओझोनचा थर खाणाऱ्या वायूंना, आणि २०२२ पासून हवामान तापवणाऱ्या हायड्रोफ्लोरोकार्बनांना वेगवेगळ्या ओळी मिळाल्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९९८ साली स्वीकारल्या गेलेल्या आणि २००४ पासून अमलात आलेल्या, धोकादायक रसायनांच्या व्यापारात घेणाऱ्या देशाची आधी संमती घ्यायला लावणाऱ्या रॉटरडॅम कराराचे १३वे कलम हेच सांगते: करारातील रसायनांना विशिष्ट सीमाशुल्क कोड मिळावेत यासाठी सदस्य देशांच्या परिषदेने जागतिक सीमाशुल्क संघटनेला प्रोत्साहन द्यावे, आणि कोड मिळाला की तो निर्यातीच्या कागदांवर लिहिणे सदस्य देशांनी बंधनकारक करावे. भारत २००५ पासून या कराराचा सदस्य आहे. म्हणजे ‘हे सीमाशुल्काचे काम नाही’ हे म्हणणे भारताने स्वतः दिलेल्या वचनाशीच विसंगत ठरते.

परवाना फरीदाबादला मिळतो हेही खरेच आहे. परंतु परवाना म्हणजे माल पाठवण्याची मुभा. माल प्रत्यक्ष गेला का, किती गेला, कोणाकडे गेला, याची नोंद बंदरावर होते. या दोन टेबलांना जोडणारा दुवा कोड हाच असतो. तो धूसर असेल तर परवानगी एका फाइलमध्ये आणि जहाज दुसऱ्या समुद्रात अशी गत होते. रॉटरडॅम कराराचे १२वे कलम असे सांगते की आपल्या देशात बंदी असलेले रसायन बाहेर पाठवताना घेणाऱ्या देशाला निर्यातीची सूचना द्यावी. ज्या मालाची ओळख आपल्याच आकडेवारीत ‘इतर’ अशी आहे, त्या बाबतीत ही सूचना वेळेवर आणि पूर्ण गेली याची खातरजमा कोणी, कशाच्या आधारे करायची?

आंतरराष्ट्रीय यादीची वाट पाहावी, असे सांगणाऱ्यांनी एन्डोसल्फानचा प्रवास पाहावा. कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षे हेलिकॉप्टरमधून झालेल्या फवारणीनंतर तिथल्या मुलांची जी अवस्था झाली ती देशाने पाहिली. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रसायनाचे उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. त्याच वर्षी स्टॉकहोम (निसर्गात टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा) आणि रॉटरडॅम या दोन्ही करारांच्या यादीत त्याचे नाव आले. आणि २९व्या प्रकरणात एन्डोसल्फानला स्वतःचा सहा आकडी कोड मिळाला तो २०१७ च्या आवृत्तीत. जगाने एकमुखाने धोकादायक ठरवल्यानंतरही नाव मिळायला सहा वर्षे लागली, कारण ही आवृत्ती साधारण पाच वर्षांनी बदलते. २०२२ नंतरची पुढची तर थेट २०२८ साली येणार आहे. शिवाय रॉटरडॅमच्या यादीत नाव घालायला सर्व देशांची सहमती लागते. पॅराक्वाट या तणनाशकाची द्रावणे याच अटीमुळे परिषदेमागून परिषद अडकून पडली आहेत, आणि अडवणाऱ्यांत भारताचाही हात होता, हे आपण विसरू नये. जी यादी आपणच अडवायची तिच्याचकडे बोट दाखवून ‘तिथे नाव आले की पाहू’ असे म्हणणे कितपत सरळ आहे?

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. बारीक कोड केले की प्रामाणिक निर्यातदाराचा त्रास वाढतो. ज्याला लपवायचे आहे तो खोटा कोड लिहून मोकळा होतो. १९९० च्या दशकात अमेरिकेत ओझोनघातक वायूंवर निर्बंध आले तेव्हा मायामी बंदरातून या वायूंची एवढी चोरटी आयात झाली की कोकेनच्या खालोखाल तिचे नाव घेतले जाई, आणि नवा वायू ‘पुनर्वापरासाठी शुद्ध केलेला’ म्हणून आणला जाई. १९८८ साली इटलीतील विषारी कचरा नायजेरियातील कोको या छोट्या बंदरात भलत्याच नावाने उतरवला गेला आणि एका शेतकऱ्याच्या अंगणात ड्रम साचत गेले. खोटे बोलणारा खोटे बोलणार, यात शंका नाही. परंतु या दोन्ही उदाहरणांत पुढे काय झाले? मायामीत खटले भरले गेले, कारण कागदावर लिहिलेले आणि टाकीत सापडलेले यांत फरक दाखवता आला. कोकोच्या प्रकरणाने धोकादायक कचऱ्याच्या वाहतुकीवरच्या बासेल कराराला जोर आला. इथेच आपल्या आजच्या व्यवस्थेतली खरी गोम आहे. आज आपल्याकडे बंदी असलेले कीटकनाशक पाठवणाऱ्याला खोटे बोलावेच लागत नाही. तो ‘इतर’ लिहितो आणि ते खरेच असते. कायद्याने त्याला मौनाची सोय करून दिली आहे. ज्या दिवशी त्या रसायनाच्या नावाची ओळ तयार होईल, त्या दिवसापासून ‘इतर’ लिहिणे हे खोटे निवेदन ठरेल आणि १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली दंडाला पात्र होईल. वर्गीकरणाने चोर नाहीसे होत नाहीत हे मान्य; पण चोरी सिद्ध करायला आधी मालाचे नाव नोंदीत असावे लागते.

छोट्या निर्यातदाराच्या ओझ्याचा मुद्दा मी हलका लेखत नाही. कुरकुंभ, महाड किंवा लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतला मध्यम कारखानदार आणि त्याचा कस्टम्स एजंट आधीच कागदांच्या ढिगाऱ्याखाली असतो. पण इथे मागणी नव्या प्रमाणपत्राची नाही. आपण काय बनवतो हे त्याला माहीत आहे. नोंदणी करताना त्याने ते सांगितलेलेच असते. प्रत्येक रसायनाला जगभर मान्य असा एक कॅस क्रमांक असतो. मोनोक्रोटोफॉसचा ६९२३-२२-४, एन्डोसल्फानचा ११५-२९-७, डीडीटीचा ५०-२९-३. ब्रँड बदलला, भाषा बदलली, पिंप बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही. २०२३ मध्ये भारतीय सीमाशुल्क खात्याने काही रसायनांच्या आयातीच्या दस्तऐवजांत कॅस क्रमांक मागायला सुरुवात केली, तेव्हा आकाश कोसळले नाही. आत येणाऱ्या मालाला जे विचारता येते ते बाहेर जाणाऱ्या मालाला विचारायला अडचण कसली?

व्यापारी गुपिताचा दाखला दिला जातो, तेव्हा मात्र मला संयम राखणे जड जाते. मिश्रणातले द्रावक, पायसीकारक, त्यांचे प्रमाण ही गुपिते असू शकतात आणि ती कोणी मागितलेलीही नाहीत. ज्या घटकामुळे तो माल विष ठरतो त्याचे नाव हे गुपित असू शकत नाही. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हमीदिया रुग्णालयात माणसांचे लोंढे आले, तेव्हा डॉक्टरांपुढचा पहिला प्रश्न हाच होता की वायू कोणता आहे आणि त्यावर उपचार काय. त्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट वापरून जे कीटकनाशक बनत होते ते कार्बारिल. त्या कार्बारिलवर भारताने बंदी घातली ती ८ ऑगस्ट २०१८ च्या आदेशाने, म्हणजे जवळजवळ चौतीस वर्षांनी, त्याच आदेशात आणखी सतरा कीटकनाशकांसह. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात गेले, तेव्हाही कोणी काय फवारले आणि कशात काय मिसळले, याचाच आधी शोध घ्यावा लागला. विषबाधेत नाव उशिरा कळणे म्हणजे उपचार उशिरा होणे. हा धडा आपण आपल्या माणसांच्या मरणातून शिकलो आहोत; तो निर्यातीच्या ड्रमला लागू नाही, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तिसरा आक्षेप सार्वभौमत्वाचा, आणि तोही खराच. भारताने १९८९ मध्ये डीडीटी शेतीतून काढले, पण हिवताप आणि काळा आजार पसरवणाऱ्या कीटकांविरुद्ध सरकारी कार्यक्रमात ते चालू ठेवले. स्टॉकहोम करारानेही ही सवलत मान्य केली. एका देशातली बंदी दुसऱ्या देशासाठी आपोआप योग्य ठरत नाही. तिथली कीड वेगळी, आजार वेगळे, पर्यायी औषधांची ऐपत वेगळी. पण हा युक्तिवाद नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूला येतो. घेणाऱ्या देशाने स्वतः ठरवावे, हे मान्य केले की ठरवण्यासाठी त्याला काय येत आहे हे कळले पाहिजे, हेही मान्य करावे लागते. गरीब देशांच्या बंदरांवर प्रयोगशाळा थोड्या असतात. तिथल्या अधिकाऱ्याला कोड वाचता येतो, ड्रममधला रेणू वाचता येत नाही. नाव न सांगता घेतलेल्या संमतीला संमती म्हणावे का?

आपण स्वतः एकेकाळी घेणाऱ्या देशाच्या जागी होतो. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. अन्नधान्य आणि हे बाहेरून आलेले विष एकत्र वाहून आणले गेले होते आणि वाटेत गळती झाली होती. त्या दुर्घटनेच्या चौकशीतूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे ज्या कायद्याखाली आपण आज बंदीचे आदेश काढतो त्याचे मूळ शेतात नाही, मालवाहतुकीत आहे. प्रवासात विषाला विष म्हणून ओळखले गेले नाही, म्हणून माणसे मेली. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन तेवीस मुले गेली, तीही विष आणि अन्न यांची सरमिसळ झाल्यामुळेच. मोनोक्रोटोफॉसच्या आपल्याकडे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ३६ टक्के द्रावणावर बंदी यायला त्यानंतरही दहा वर्षे जावी लागली.

युरोप आपल्यापेक्षा नीतिमान आहे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. २०१८ या एका वर्षात युरोपीय देशांनी, तेव्हा ब्रिटनही त्यांत होते, स्वतःच्या शेतांत बंदी असलेल्या कीटकनाशकांच्या सुमारे ८१ हजार टनांच्या निर्यातीला मंजुरी दिली होती. पण हा आकडा तुम्हाआम्हाला कळला कसा? तिथल्या नियमानुसार अशा प्रत्येक रसायनाच्या निर्यातीची आधी सूचना द्यावी लागते, तिला संदर्भ क्रमांक मिळतो आणि तो क्रमांक सीमाशुल्काच्या घोषणापत्रात लिहावा लागतो. नोंद होती म्हणून स्वयंसेवी संस्थांना ती मागता आली, बेरीज करता आली आणि आपापल्या सरकारांना जाब विचारता आला. स्वित्झर्लंडने २०२१ पासून पाच कीटकनाशकांची निर्यात थांबवली; यवतमाळमध्ये ज्यांची नावे पुढे आली त्यांपैकी डायफेन्थियुरॉन आणि प्रोफेनोफॉस त्या पाचांत आहेत. फ्रान्सने २०२२ पासून बंदी असलेल्या कीटकनाशकांचे उत्पादन आणि निर्यात कायद्याने बंद केली. आणि तिथेच एक फट उघडी पडली: बंदी तयार औषधांना लागू झाली, पण शुद्ध सक्रिय घटक वेगळा पाठवला तर तो कायद्याच्या शब्दांतून निसटला. माल तोच, विष तेच, फक्त ३८व्या प्रकरणाऐवजी २९व्या प्रकरणातून गेले. भारतात टेक्निकलचा व्यापार मोठा आहे, म्हणून आपल्याकडे ही फट त्याहून रुंद असेल. नाव फक्त फॉर्म्युलेशनला देऊन भागणार नाही, दोन्ही घरांत द्यावे लागेल.

पुण्यातल्या माणसाला हे सारे अशक्य कोटीतले वाटू नये, कारण याहून अवघड काम आपण करून दाखवले आहे. २०१० साली भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, ती क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे. तपासायच्या रसायनांच्या यादीत तोवर त्याचे नावच नव्हते, म्हणून ते कोणी शोधले नाही, आणि बागायतदारांचे कंबरडे मोडले. त्यानंतर यादी वाढवली गेली. आज जुन्नरच्या बागेतली द्राक्षे युरोपला जायची तर प्लॉटची नोंदणी होते, ‘ग्रेपनेट’वर त्याचा माग ठेवला जातो, नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने आखलेल्या कार्यक्रमानुसार कितीतरी रसायनांचे अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या अंशांत मोजले जातात. एका पेटीतल्या घडावर किती कणभर औषध उरले आहे, हे आपण सांगू शकतो, कारण श्रीमंत गिऱ्हाइकाने ते सांगायला लावले. त्याच जिल्ह्यातून बंदरावर जाणाऱ्या टँकरमध्ये काय आहे, हे गरीब गिऱ्हाइकाला सांगायला आपल्याला कोणी लावलेले नाही, म्हणून आपण सांगत नाही. निर्यातदार देश म्हणून आपल्या प्रतिष्ठेचा विचार करणाऱ्यांनी या विसंगतीकडे तरी पाहावे. कीटकनाशकांच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे, आणि एवढ्या मोठ्या विक्रेत्याने आपल्या मालाचे नाव पुटपुटत सांगणे शोभत नाही.

यासाठी ब्रुसेल्सची वाट पाहण्याची गरज नाही. पहिले सहा आकडे जगाचे, सातवा आणि आठवा आपला. सीमाशुल्क दरसूचीत नवी ओळ घालायला वित्त विधेयक पुरते, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात भौगोलिक मानांकन असलेल्या तांदळासाठी आणि मखान्यासाठी अशा नव्या ओळी घातल्या गेल्या. काही कीटकनाशकांना आजही दरसूचीत नावाची ओळ आहे, पण ती यादी बंदीच्या आदेशांवरून केलेली नाही. २०१८ च्या आदेशातील अठरा आणि मोनोक्रोटोफॉसच्या द्रावणावर बंदी घालणाऱ्या २०२३ च्या आदेशातील रसायने घेऊन तिची सुरुवात करता येईल. प्रत्येकाला टेक्निकलची एक आणि फॉर्म्युलेशनची एक ओळ, निर्यातीच्या शिपिंग बिलात कॅस क्रमांक, आणि निर्यात सूचनेचा क्रमांक त्याच कागदावर. पुढे कृषी मंत्रालयाने एखाद्या कीटकनाशकावर बंदीचा आदेश काढला की त्याच आदेशात महसूल खात्याला ओळ उघडायला सांगावे, म्हणजे बंदी आणि कोड यांत वर्षांचे अंतर पडणार नाही. २०२० साली सत्तावीस कीटकनाशकांच्या बंदीचा मसुदा निघाला, तेव्हा निर्यातीपुरते उत्पादन चालू ठेवण्याची मुभा उद्योगाने मागितली आणि ती मिळालीही. ती मुभा देतानाच ही अट घालता आली असती आणि आजही घालता येईल. राज्याचे कृषी आयुक्तालय पुण्यात आहे, रसायनांची जाण असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाणला आहे, शेतकरी संघटनांची आणि निर्यातदारांच्या मंडळांची कार्यालयेही इथेच आहेत. निर्यात थांबवावी की नाही यावर या मंडळींचे एकमत होणार नाही, आणि व्हावे अशी अटही नाही. येत्या अर्थसंकल्पाच्या आधी दरसूचीतल्या या ओळींची मागणी मात्र ती एकत्र करू शकतात, कारण या मागणीला विरोध करायचा तर दोहोंपैकी एका बाजूला उघडपणे म्हणावे लागेल की आपण काय विकतो हे कोणाला कळू नये.